बटाटा, पोळी, भाजी : बाल्कन चाली व्हायोलिनवर कशा बसवायच्या

टाळी धरून पाहा. रीलवर ऐकू येणाऱ्या त्या बाल्कन गाण्याला पहिल्या दोन-तीन टाळ्या बरोबर पडतात. मग हात हवेतच राहतो, कारण गाणे तुमच्या आधी पुढच्या आवर्तनात शिरलेले असते. पुन्हा धरावी तर पुन्हा तेच.

मी व्हायोलिन शिकवते. गेल्या काही वर्षांत विद्यार्थी फोनवर असली एखादी चाल ऐकवून विचारतात, हे आपल्याला वाजवता येईल का? स्वर तर ओळखीचे वाटतात, कुठे भैरव, कुठे किरवाणी. पण सगळे स्वर बरोबर वाजवूनही ते 'तसे' वाटत नाही. असे का होते?

वाजवता येईल, हे माझे उत्तर. पण शिकण्याचा क्रम उलटा करावा लागेल. आपल्याकडे आधी स्वर पक्के होतात, मग लय, मग हरकती. या चालींत आधी पाय, मग गळा, मग बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, आणि सगळ्यात शेवटी डाव्या हाताची बोटे. हा क्रम असाच का, हे या लेखात उलगडून सांगायचे आहे.

बाल्कन म्हणजे कुठला मुलूख?

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातला. बल्गेरिया, सर्बिया, उत्तर मॅसेडोनिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो, कोसोवो, अल्बानिया, ग्रीस हे देश त्यात येतात. संगीतापुरते बोलायचे तर रोमानियाचा दक्षिण भागही येतो. 'बाल्कन' हा शब्द तुर्की आहे, अर्थ डोंगररांग. या मुलखावर ऑटोमन तुर्कांचे राज्य काही शतके होते. बल्गेरियातून ते १८७८ साली मागे सरले, मॅसेडोनियातून १९१२ साली. त्यामुळे गावातली स्लाव्ह, ग्रीक, अल्बानियन गाणी आणि शहरातले तुर्की दरबारी वळणाचे संगीत पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या शेजारी वाजत राहिले.

व्हायोलिन तिथे रुजले ते या शहरांत. मॅसेडोनियातल्या शहरांच्या बाजारपेठांत 'चाल्गिया' नावाचे ताफे असत. एक व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, स्वरमंडळासारखे मांडीवर घेऊन छेडायचे कानून, उद नावाचे छेडायचे तारवाद्य आणि डफ, असा तो सरंजाम. लग्नात हेच, कॉफीच्या दुकानात हेच. बल्गेरियातल्या आजच्या झगमगीत लोक-पॉपला 'चाल्गा' म्हणतात, तो शब्द याच मुळातला.

लोक-पॉप म्हणजे काय, तेही इथेच सांगते. लोकगीताच्या वळणाची चाल आणि लोकनृत्याचा ठेका घ्यायचा, त्याला अ‍ॅकॉर्डियन, कीबोर्ड, ड्रम आणि स्टुडिओची जोड द्यायची. युगोस्लाव्हियात, म्हणजे सर्बिया, बोस्निया, मॅसेडोनिया वगैरे एकत्र असलेल्या तेव्हाच्या देशात, १९६०च्या दशकापासून असली गाणी रेडिओ आणि रेकॉर्डवर गाजू लागली. तिथे त्यांना सरळ 'नव्याने रचलेले लोकसंगीत' असेच नाव होते. १९८०च्या दशकात लेपा ब्रेना ही गायिका या प्रकारामुळे सगळ्या देशात घरोघरी पोचली.

एक गोंधळ आधीच दूर करते. व्हायोलिनच्या कार्यक्रमात 'बाल्कन' म्हणून हमखास वाजतो तो मोंटीचा चार्दाश. मोंटी हा इटलीतल्या नेपल्सचा, आणि चार्दाश हा हंगेरीचा नाच. रचना सुंदरच आहे, पण ते घराणे वेगळे. ती बसवून बाल्कन ठेका हाताला लागत नाही.

लंगडा ठेका

टाळी चुकते ती इथे. आपल्याला, आणि जगातल्या बहुतेकांना, सारख्या अंतरावर पडणाऱ्या ठोक्यांची सवय असते. बाल्कनमधल्या अनेक नाचांत ठोके दोन लांबीचे असतात, एक आखूड आणि एक लांब. आखूड ठोक्यात दोन मात्रा, लांब ठोक्यात तीन. तुर्कीत याला 'अक्साक' म्हणतात, म्हणजे लंगडा. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी १९३८ साली यावर लेख लिहिला तेव्हा ते त्याला 'बल्गेरियन लय' म्हणत होते. पण ही लय एकट्या बल्गेरियाची नाही.

जुन्या वाड्यातला जिना आठवा. सगळ्या पायऱ्या सारख्या, मधली एकच जरा उंच. पाहुणा तिथे दर वेळी अडखळतो आणि घरातले पोर अंधारातही धावत वर जाते. त्या पोराला पायरीची उंची विचारली तर सांगता येणार नाही, पण पायाला ती माहीत असते. अक्साक ठेका असाच पायात बसतो.

तोंडात बसवण्यासाठी मी वर्गात तीन शब्द वापरते. पोळी, भाजी, बटाटा. पोळी म्हणजे दोन मात्रा, भाजी म्हणजे दोन, बटाटा म्हणजे तीन. प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ द्यायचा, ऱ्हस्व-दीर्घ विसरायचे, आणि शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्यायची.

बटाटा पोळी भाजी, बटाटा पोळी भाजी. हे झाले मॅसेडोनियाचे 'लेस्नोतो', ३+२+२. ग्रीसमधला कलामातियानोस नाचही याच मापाचा. आता शब्द फिरवा. पोळी भाजी बटाटा, पोळी भाजी बटाटा, म्हणजे २+२+३. ही बल्गेरियाची 'रचेनित्सा'. मात्रा तेवढ्याच सात, पण चाल पार बदलली, कारण लांब पायरी आता शेवटी आली. नुसते 'भाजी बटाटा' म्हटले की पाच मात्रांचे 'पायदुश्को'. 'पोळी भाजी पुरी बटाटा' म्हणजे नऊ मात्रांचे 'दायचोवो'. आणि 'पोळी भाजी बटाटा पोळी भाजी' म्हणजे अकरा मात्रांची 'कोपानित्सा', जिच्यात लांब पायरी बरोब्बर मधोमध आहे.

पाठ्यपुस्तकात हे ७/८, ५/८, ९/८, ११/८ असे लिहिलेले असते. आकडे बघून विद्यार्थी घाबरतात. पोळीभाजीला कोणी घाबरत नाही.

सात मात्रा तर आपल्या रूपकातही आहेत ना?

आहेत, आणि विभागणीही तीच, ३+२+२. आपली कितीतरी भावगीते रूपकात बांधलेली आहेत, म्हणून लेस्नोतो मराठी कानाला इतर देशांतल्या कानांपेक्षा लवकर सापडतो. हा आपला खराखुरा फायदा आहे, तो घ्यावा.

पण दोन फरक ध्यानात ठेवावे लागतात. पहिला वजनाचा. रूपकाची सम ही खालीच असते, तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो आणि वजन पुढच्या धी-ना, धी-ना वर येते. बाल्कनमध्ये 'तपान' नावाचा मोठा ढोल असतो. त्याच्या एका बाजूवर जाड दांडका पडतो आणि दुसऱ्या बाजूवर बारीक छडी. जाड दांडका पहिल्या मात्रेवरच दणका देतो. रूपकाच्या सवयीने वाजवणारा त्या पहिल्या मात्रेला हलके सोडतो आणि चाल एकदम पोकळ होते. हे मी वर्गात इतक्या वेळा ऐकले आहे की आता दुसऱ्या खोलीतूनही ओळखता येते.

दुसरा फरक वेगाचा. रचेनित्सा रंगात आली की सात मात्रा साधारण एका सेकंदात संपतात. या वेगाला सात मोजणे शक्यच नसते. नाचणारा फक्त तीन मोजतो: आखूड, आखूड, लांब. मात्रा मोजून शिकलेला माणूस इथे मागे पडतो.

आणि सगळेच लंगडे असते असेही नाही. सर्बियातली बरीचशी लोक-पॉप गाणी साध्या दोन किंवा चार ठोक्यांची असतात. लग्नाच्या बँडवर वाजणारा 'चोचेक' पुष्कळदा आठ मात्रांचा, पण ३+३+२ असा तोडलेला असतो. बटाटा बटाटा पोळी.

पाय आधी

यातल्या बहुतेक चाली नाचासाठी जन्मल्या. हात धरून गोल किंवा अर्धगोल करायचा आणि पावले टाकत फिरायचे. बल्गेरियात त्याला 'होरो' म्हणतात, मॅसेडोनियात 'ओरो', सर्बियात 'कोलो'. सर्बियाच्या कोलोची नोंद युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. वाजवणारा त्या गोलाकडे बघत वाजवतो, आणि पावले उचलली जातात ती त्याच्या बोमुळे.

म्हणून पहिला आठवडा व्हायोलिन पेटीतच राहू द्या. बटाटा-पोळी-भाजी म्हणत घरात चाला. बटाट्याला उजवा पाय, पोळीला डावा, भाजीला उजवा, मग पुढच्या बटाट्याला डावा. तीन पावले असल्याने पाय दर आवर्तनाला बदलतो, आणि तो बदल अंगात मुरला की निम्मे काम झाले. मेट्रोनोम लावायचा असेल तर प्रत्येक मात्रेला ठोका लावू नका. एक ठोका म्हणजे एक पूर्ण आवर्तन, असा लावा. मिनिटाला ३० ठोक्यांवर सुरुवात करा. हळूहळू ६० पर्यंत पोचलात की तुम्ही रचेनित्साच्या वेगाला आलात.

हेच पायांचे गणित मग बोला लागते, आणि तिथे एक अडचण लपलेली आहे. बो खाली ओढताना मुठीजवळच्या बाजूचे वजन आपोआप तारेवर येते, म्हणून खालचा बो भारी आणि वरचा हलका. आता लेस्नोतो वाजवा. बटाटा खाली, पोळी वर, भाजी खाली. पुढचा बटाटा आला वरच्या बोवर! जिथे तपानचा दणका हवा तिथे नेमका हलका बो आला. दर दुसऱ्या आवर्तनाला हे होते आणि विद्यार्थ्याला कळत नाही की आपले काय चुकते आहे.

उपाय सोपा आहे. बटाट्याचे दोन तुकडे करा: 'बटा' खाली, 'टा' वर. मग पोळी खाली, भाजी वर. चार बो झाले, समसंख्या, म्हणून पुढचे आवर्तन पुन्हा खालच्या बोने सुरू. कोपानित्सातही तेच. पाच ठोक्यांतला मधला लांब ठोका दोन बोंत तोडला की सहा होतात. दायचोवोला हे करावेच लागत नाही, कारण ठोके मुळातच चार आहेत. तिथले कसबी वादक अर्थात उलट्या बोवरही हवे तिथे वजन टाकतात. ते कसब नंतर येते.

ओळखीचे स्वर

आता स्वरांकडे. ज्या चाली ऐकून आपल्याला भैरव आठवतो, त्यांतल्या बऱ्याच 'हिजाझ' मधल्या असतात. हिजाझ हा मकाम आहे. मकाम म्हणजे तुर्की-अरबी संगीतातली रागासारखी कल्पना: ठरावीक स्वर, त्यांत फिरण्याचे ठरावीक रस्ते, थांबण्याच्या ठरावीक जागा. आपल्या भाषेत हिजाझचे स्वर साधारण असे: सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी. भैरवात निषाद शुद्ध असतो, इथे कोमल. म्हणून खरे साम्य भैरवापेक्षा बसंत मुखारीशी. वर जाताना कधी कधी धैवत शुद्ध होतो आणि उतरताना कोमल.

हिजाझचा जीव कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधल्या रुंद दरीत आहे. व्हायोलिनच्या पाश्चात्त्य जुळणीत दुसऱ्या जाड तारेचा, म्हणजे डी तारेचा, सा धरा. पहिले बोट अगदी मागे, तारेच्या उगमाला खेटून. दुसरे बोट तिथून लांब पुढे. तिसरे बोट दुसऱ्याला चिकटून. पहिल्या आणि दुसऱ्या बोटातले हे अंतर सुरुवातीला हाताला विचित्र वाटते. पण शेजारच्या ए तारेवर पंचम मोकळा मिळतो आणि डी तार मोकळी सोडली की खालून षड्जही भरून राहतो, जणू तंबोरा.

ही दरी सगळीकडे सारखी रुंद नसते, तेही ऐकण्यासारखे आहे. अ‍ॅकॉर्डियन आणि कीबोर्डच्या पट्ट्या बांधलेल्या असतात, तिथे रे आणि ग जिथे आहेत तिथेच. मकाम परंपरेत मात्र हा रे किंचित चढा आणि ग किंचित उतरा घेतात, म्हणजे दरी थोडी अरुंद होते. चांगला वादक अ‍ॅकॉर्डियन वाजत असेल तेव्हा त्याच्याशी जुळवून घेतो आणि एकटा पडला की जुन्या जागेवर सरकतो. आपल्याकडे श्रुतींचा विचार करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी ओळखीची जागा किरवाणीची. पाश्चात्त्य भाषेत ज्याला हार्मोनिक मायनर म्हणतात तेच हे स्वर, आणि बाल्कन लोक-पॉपची बरीच विरहगीते त्यात आहेत.

मग हे संगीत मुळात भारतातूनच गेले का?

हे विधान फार ऐकू येते, म्हणून थोडे थांबते. बाल्कनमधले व्यावसायिक वादक मोठ्या संख्येने रोमा समाजाचे, आणि रोमांचे पूर्वज भारतातून गेले, हे भाषेवरून पक्के सिद्ध झालेले आहे. रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, दाताला दांद म्हणतात. आकडे येक, दुय, त्रिन, श्तार, पांज असे जातात. पण सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, म्हणजे ग्रीकमधून घेतलेले. वाटेतला मुक्कामही भाषेत राहून गेला.

भाषेचा पुरावा मात्र चालीला लावता येत नाही. हिजाझ तिथे पोचला तो ऑटोमन संगीतातून. लंगडे ठेके तिथल्या नाचांतले. रोमा वादकांनी जिथे वस्ती केली तिथले संगीत आत्मसात केले आणि त्याला स्वतःचे तेज दिले. त्यांचे ते कर्तृत्व 'हे तर आपलेच' म्हणून आपल्या खात्यात ओढणे मला अन्यायाचे वाटते.

भारत आणि बाल्कन यांची एक सुंदर भेट मात्र कागदोपत्री नोंदलेली आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची सोनेरी तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातल्या वाल्या बाल्कान्स्का यांचे गाणे आहे. ते गाणे जरूर ऐका. पुढच्या भागात मी जे सांगणार आहे ते त्यात सगळे आहे.

बोट का उडते?

बाल्कान्स्का यांच्या मागे 'गाइदा' वाजते, म्हणजे कातडी पिशवीची बॅगपाइप. पिशवी काखेत दाबलेली असते, हवा सतत वाहते, आवाज थांबवताच येत नाही. आता विचार करा, अशा वाद्यावर एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवाल? बासरीवाला जिभेने तोडेल, व्हायोलिनवाला बो बदलेल. गाइदावाल्याकडे दोन्ही नाही. तो दोन स्वरांच्या मध्ये दुसरे एखादे भोक क्षणभर उघडतो आणि मिटतो. एक बारीकसा तिसराच स्वर चमकून जातो आणि त्याने मूळ स्वर तुटल्यासारखा वाटतो.

बाल्कन सुरावटीत सतत ऐकू येणाऱ्या त्या चमकांचे एक मोठे कारण हे. पुष्कळ ठिकाणी तो स्वर तोडण्याचा मार्ग आहे, कपडे शिवताना घातलेल्या टाक्यासारखा. त्याला नक्षी समजून वाटेल तिथे पेरले की चाल बिघडते. चमक कुठे येते हे बघा: एकच स्वर पुन्हा येतो तिथे, लांब ठोका सुरू होतो तिथे, शब्दाचे अक्षर बदलते तिथे.

व्हायोलिनवर ते असे करायचे. पहिले बोट स्वरावर पक्के. दुसरे बोट वरून तारेवर टपकन पडते आणि लगेच उसळते, चटका बसल्यासारखे. दाबायचे नाही, नुसता स्पर्श. बो मात्र न थांबता त्याच दिशेने जात राहतो, कारण आपण पिशवीतल्या हवेची नक्कल करतो आहोत. आपल्या खटक्याच्या हे सगळ्यात जवळचे. कण घेताना आपण शेजारच्या स्वराला टेकून मूळ स्वरावर येतो, त्यात एक मऊपणा असतो. इथे तो मऊपणा नको.

बल्गेरियाची 'गदुल्का' पाहिली तर आपल्याला सारंगीच आठवेल. उभी धरायची, खाली तरफेच्या तारा, आणि बोटे तार पट्टीवर दाबत नाहीत, तारेला नुसती टेकतात. त्यामुळे बोट उडायला मोकळे असते. व्हायोलिनवादकाने एकदा गदुल्का ऐकावी, म्हणजे बोट किती हलके पडायला हवे ते कानाला कळते.

आणि हे सगळे आधी गळ्यातून काढा. चाल गा, चमकेसकट गा. गाता आली नाही ती चमक बोटाने आली तरी चुकीच्या जागी येते.

रोमानियाच्या दक्षिणेतल्या क्लेजानी गावचे निकोलाय नेआक्शू (१९२४–२००२) आठवतात. तराफ दे हायदुक्स या ताफ्यातले हे व्हायोलिनवादक घोड्याचा एक केस तारेला बांधत आणि बोऐवजी तो केसच चिमटीतून ओढत ओढत तारेतून आवाज काढत. खरखरीत, अडखळता, म्हाताऱ्या गळ्यासारखा आवाज. व्हायोलिनचा आवाज नितळच असला पाहिजे या समजुतीतून मला बाहेर काढले ते त्या आवाजाने.

हिंदुस्थानी शिकलेला हात बिघडेल का?

पालकांचा हा प्रश्न मी गांभीर्याने घेते. महाराष्ट्रात व्हायोलिनची गायकी अंगाची मोठी परंपरा आहे. गजाननराव जोशी आणि डी. के. दातार यांच्या वादनाने ती घडली, आणि प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनला तर लोक 'गाणारे व्हायोलिन' म्हणत. त्या हाताला धक्का लागू नये हे बरोबरच आहे.

माझा अनुभव असा की धक्का लागतो तो जुळणीत घाईने फेरफार केल्याने. आपली जुळणी सा-प यांवर असते, तिथली जी-डी-ए-ई, म्हणजे साधारण १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ. आपल्या जुळणीसाठी उतरवलेली बारीक तार एकदम ई पर्यंत चढवली तर तुटू शकते. शक्य असेल तर दुसरे व्हायोलिन ठेवा. साधे, विद्यार्थ्याचे चालेल. मग हातालाही कळते की हे वाद्य हातात आले म्हणजे ती भाषा.

बैठक बदलायलाच हवी असे नाही. मांडी घालून, घोट्याला टेकवून सगळे वाजवता येते. सवय आवरावी लागते ती मींडेची. तीन-चार स्वरांची संथ मींड ही आपली ताकद आहे. लोक-पॉपच्या चालीत घसरण बहुधा अर्ध्या किंवा एका स्वराची, झटक्यात, खालून वर. लांब मींड घातली की नाचणाऱ्याचे पाऊल हवेत राहते. आंदोलनही उशिरा सुरू करा, स्वर आधी सरळ उभा राहू द्या.

नोटेशन येत नसेल तर अडत नाही. चाल्गियाच्या परंपरेत कितीतरी वादक ऐकूनच शिकले. आपणही तसेच शिकतो.

हे लोकसंगीत की बाजारू?

तिथेही हा वाद चालूच आहे. १९९०च्या दशकात सर्बियात 'टर्बो-फोक', म्हणजे लोक-पॉपचा भडक अवतार, फोफावला. हा शब्द मुळात रॅम्बो अमाडेउस नावाने गाणाऱ्या मॉन्टेनेग्रोच्या गायकाने विनोदाने काढला होता, पण तो प्रकाराला चिकटला. युद्धाचे आणि निर्बंधांचे ते दिवस, त्यामुळे त्या गाण्यांवर राजकारणाची छायाही आहे. ज्यांना ती ऐकवत नाहीत त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

पण शुद्धतेच्या नावाखाली काय होते तेही बघावे. बल्गेरियात साम्यवादी राजवटीला सरकारी मंचावरचे नीटनेटके लोकसंगीत हवे होते. तुर्की आणि रोमा वळणे नको होती. १९८०च्या दशकात तर तुर्की संगीत उघडपणे वाजवायलाच बंदी आली. लग्नाचे बँड तरीही वाजवत राहिले. क्लॅरिनेटवादक इवो पापासोव यांना त्यापायी तुरुंगात जावे लागले. आज जगभर त्यांच्या वादनाचा दाखला दिला जातो, आणि ते संगीत कुठे जपले गेले, तर लग्नाच्या मांडवात.

बोस्नियातली जुनी शहरी प्रेमगीते, 'सेवदालिंका', त्यांना युनेस्कोने २०२४ च्या डिसेंबरात वारसा यादीत घेतले. तीही एकेकाळी घराघरांत आणि कॉफीच्या दुकानांत गायली जाणारी साधी गाणीच होती. 'सेवदा' म्हणजे तुर्कीत प्रेम, आणि त्या शब्दाचे मूळ अरबीतल्या काळ्या पित्ताच्या शब्दात. प्रेम आणि खिन्नता एकाच शब्दात.

पहिली चाल

मी 'योवानो, योवान्के' पासून सुरुवात करते. मॅसेडोनियाचे पारंपरिक गाणे, लेस्नोतो ठेका, हिजाझचे वळण. वार्दार नदीच्या काठी योवाना पांढरे कापड आणखी शुभ्र करत बसली आहे आणि सारखी वर बघते आहे. तिची आई तिला प्रियकराकडे जाऊ देत नाही. गाणे संथ गाता येते, म्हणून बटाटा-पोळी-भाजी नीट मोजायला वेळ मिळतो. चार दिवस चालत गा, मग फक्त मोकळ्या डी तारेवर ठेक्याचा बो काढा, मग स्वर, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत एकच चमक. दुसरी चमक पुढच्या आठवड्यात.

त्यानंतर सर्बिया किंवा बोस्नियाकडचे एखादे गाणे घ्या, साध्या दोन ठोक्यांचे. तिथे शेवटी एक गोष्ट खटकेल. गाणे संपते ते षड्जावर येत नाही. या भागातली कितीतरी गाणी रे वर संपतात. खालून अ‍ॅकॉर्डियन प, नी आणि रे हे तीन स्वर एकत्र धरतो, त्यामुळे तो रे तिथे पक्का उभा राहतो. आपल्या कानाला मात्र अजून एक स्वर बाकी आहे असे वाटते. बोट आपोआप सा कडे निघते. माझेही निघायचे.

तिथे हात आवरा. रे वर बो पूर्ण लांबीने ओढा, टोकापर्यंत जाऊ द्या आणि तारेवरून उचला.